फादर सरांचा पाट

हॉस्टेलच्या कूलरमधलं जुनं गवत काढून नवं भरलं, की पहिल्या पाण्याबरोबर एक ओला, कच्चा वास खोलीभर पसरतो. तो आला की मला कळतं, आखाजी जवळ आली. भिंतीवर परीक्षेचं वेळापत्रक चिकटवलेलं असतं, खिडकीच्या गजाला हात लावला तर चटका बसतो, आणि दुपारी कॉलेजच्या आवारात कडुनिंबाच्या बारीक फुलांचा सडा पडलेला असतो. त्यावरून कोणी चाललं तरी आवाज होत नाही. यंदा मी शेवटच्या वर्षाला आहे. पुस्तक उघडून बसते आणि त्याच पानावर पुन्हा पुन्हा येते. मन दुसरीकडेच कुठेतरी पाटावर जाऊन बसलेलं असतं.

हे मला नीट सांगता येईल का, माहीत नाही. आमच्या घरात आधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे मनातलं कागदावर मांडायची सवय मला इथेच लागली, आणि ती अजून पक्की झालेली नाही. तरी सांगून बघते.

जळगावच्या सराफ बाजारात आखाजीला गर्दी होते, कारण शहरात अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं. आमच्या गावात आखाजी म्हणजे घागर. माझं गाव भडगावच्या अलीकडे, गिरणेच्या काठाला आहे. उन्हाळ्यात नदी वाळूची होते आणि गावात मात्र माणसं वाढतात. सासरी गेलेल्या मुली पिशव्या घेऊन एसटीतून उतरतात, कडुनिंबांना दोर बांधून झोके होतात, गच्चीवर कुरडया वाळतात. आणि घराघरांत गेलेल्या माणसांच्या नावाने मातीची नवी घागर पाण्याने भरून मांडतात. तिच्यावर खरबूज ठेवायचं, आंबे ठेवायचे, सांजोऱ्या ठेवायच्या. मग एका माणसाला जेवायला बोलवायचं. तो माणूस त्या दिवसापुरता आपला मेलेला माणूस असतो. त्याला पित्तर म्हणतात. त्याचे पाय धुवायचे, पाटावर बसवायचं, पहिलं ताट त्याला वाढायचं. तो जेवेपर्यंत घरातलं कोणी तोंडात घास घालत नाही. शेवटी घरातली बाई त्याला विचारते, पोट भरलं का. तो भरलं म्हणाला, की वर त्या माणसापर्यंत पोचलं असं धरायचं.

लहानपणी मला यात मजा वाटायची. आजोबांच्या नावाने एक शेजारी यायचे आणि आंबरस तीनदा मागून घ्यायचे. आबा हसत म्हणायचे, आपला म्हातारा वर जाऊन खादाड झाला.

आबा म्हणजे माझे वडील. ते जळगावच्या एका दाळ मिलमध्ये कामाला होते. सुटीला घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर तुरीची पिवळट धूळ असायची. माय म्हणायची, तोंड धुऊन या, ओळखू येत नाही. मी बारावी पास झाले तेव्हा मिलमधल्या कोणीतरी त्यांना सांगितलं, मिशनचं कॉलेज चांगलं आहे, मुलींचं हॉस्टेल आवारातच आहे. आबा मला घेऊन आले. ऑफिससमोर उभे राहिले आणि आत जाईनात. पायातल्या चपला काढल्या, परत घातल्या, परत काढल्या.

प्राचार्यांच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. ते मिटू नये म्हणून खाली एक वीट लावलेली होती. आतून एक सावळे, उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ बाहेर आले. आबांच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "चपला राहू दे भाऊ. फरशी तापेल शे."

फरशी तापली आहे, एवढंच ते म्हणाले होते, पण आबा त्यांच्याकडे बघतच राहिले. मीही. कॉलेजच्या फाटकातून आत आल्यापासून आम्ही दोघं जिभेवर ताबा ठेवून, जपून शहरातलं मराठी बोलत होतो. आणि कॉलेजचे मोठे साहेब, तेही ख्रिस्ती धर्मगुरू, आमच्या चुलीजवळची अहिराणी बोलत होते. अर्ध्या तासाने मी पाहिलं तर आबा खुर्चीत मागे टेकून बसले होते आणि यंदा तूर कशी आली आहे ते सांगत होते. परत जाताना फाटकाशी ते मला एवढंच म्हणाले, "माणूस आपला शे." जळगावात मला ओळखणारं कोणी नव्हतं. पण आबांना ओळखणारं एक माणूस आहे, एवढ्या आधारावर मी पहिली रात्र हॉस्टेलमध्ये काढली.

आम्ही मुली त्यांना फादर सर म्हणायचो. फादर म्हणायचं की सर, हे न ठरल्यामुळे दोन्ही.

फादर सर मूळचे केरळचे, समुद्राकाठचे. तरुणपणी मिशनने त्यांना खानदेशात पाठवलं, ते धुळ्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्यातल्या एका पाड्यावर. तिथे त्यांनी मोहाच्या झाडाखाली शाळा सुरू केली, औषधाची पेटी घेऊन एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर चालत गेले, बैलगाडीतून बाळंतिणींना खाली आणलं. डोंगरातली पावरी बोली शिकले, बाजाराच्या गावांतली अहिराणी शिकले. ते सगळं ते अगदी साधं सांगायचे, जसं कोणी आपल्या आजोळाबद्दल सांगतं. लोकांना धर्म किती शिकवला, असं एकदा एका प्राध्यापकांनी जरा खोचकपणे विचारलं होतं. फादर सर म्हणाले, "त्यांनी मला जेवायला शिकवलं, तेवढं नक्की."

त्यांचं जेवणाबद्दल एक होतं. डोंगरात सुरुवातीला ते कोणाच्याही घरी गेले की लोक समोर भाकरी ठेवायचे. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं, की पाहुण्याला वाढल्यावर काही घरांत मागे उरत नाही. तेव्हापासून त्यांनी नेम केला. घरचे जेवल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. ताट समोर आलं की ते विचारायचे, तुम्ही जेवला का. जेवलो म्हणाले तरी चुलीवरच्या डेगीत डोकावून बघायचे. लोक हसायचे, पण पुढे पुढे त्यांना वाढण्याआधी सगळं घर गोल करून जेवायला बसायला लागलं.

डोंगरात राहूनच त्यांनी तिथल्या बोलीवर डॉक्टरेट केली होती. ते म्हणायचे, तिथेच फसलो. मिशनच्या वरच्यांना प्राचार्य हवा होता, माझ्याकडे पदवी निघाली, मला उचलून खुर्चीत ठेवलं.

खुर्चीत ते कधी नीट बसल्यासारखे दिसले नाहीत. कडेवर बसायचे, जणू कोणी हाक मारली की निघायचं आहे. त्यांच्याकडे दिवसभर माणसं यायची आणि प्रत्येकाच्या हातात कागद असायचा. संध्याकाळी सगळे गेले, की ते आवारात एकटेच फेऱ्या मारायचे. नवीन आले तेव्हा हॉस्टेलच्या जेवणघरात मुलींबरोबर बसायचे म्हणे, पण मुली गप्प होऊन भराभर उठून जात, म्हणून त्यांनी ते सोडलं. मग बंगल्यावर स्वयंपाकीण मार्थाबाई डबा झाकून ठेवून जायच्या. त्या सांगायच्या, "सकाळी येऊन बघावं तर अर्धा तसाच. एकट्याला घास उतरत नाही त्यांचा."

आमच्या खिडकीतून बंगल्याच्या जेवणाच्या खोलीतला दिवा दिसायचा. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता त्या खोलीत कॉलेजचं जुनं फर्निचर ठेवलं आहे आणि दिवा लागत नाही, तर माझी नजर तिकडेच जाते.

पहिल्या वर्षी थंडीत आबा गेले. मिलमध्ये पोती लावताना छातीत कळ आली. फादर सर दवाखान्यात आले होते, मला गावी पोचवायला कॉलेजची गाडी दिली, पण ते स्वतः आले नाहीत. पुढे एकदा त्यांनी सांगितलं, की पाद्री दारात आला तर दुःखाच्या घरी दुसरीच चर्चा सुरू होते, म्हणून.

त्या मरणाबद्दल मी फार लिहू शकत नाही. घरी खुंटीवर त्यांचा शर्ट होता, तो झटकला की खाली बारीक पिवळी धूळ पडायची. माय रोज झटकायची. मग एक दिवस तिने झटकणं बंद केलं. मला वाटलं सावरली. ती म्हणाली, संपून जाईल.

आणि मग आखाजी आली. आबांची पहिली आखाजी.

पहिल्या वर्षीची घागर चुकवत नाहीत. त्या वर्षी तो माणूस उपाशी राहिला तर पुढे कधी दाराशी येत नाही, असं आमच्याकडे बायका मानतात. आबांच्या पाटावर बसायचा पहिला मान माझ्या काकांचा, म्हणजे नानांचा. नाना आबांचे धाकटे भाऊ. माय त्यांना बोलवायला गेली. नाना म्हणाले, येतो की, भाऊ माझा होता. पण आधी पोरीचं ठरव. बापाविना पोर शहरात ठेवायची नाही. परीक्षा झाली की कॉलेज बंद, स्थळ मी बघून ठेवलं आहे. तू हो म्हण, मी पाटावर बसतो.

माय तशीच परत आली. भाऊबंदांत आणखी दोन घरी जाऊन आली. नानांना डावलून बसायला कोणी तयार नव्हतं. गावकीही गप्प होती.

मी परीक्षेला जळगावात होते. मायने फोनवर हे सगळं सांगितलं, पण काय करावं ते सांगितलं नाही. तिचा आवाज फार सपाट येत होता. मी म्हटलं, "हो म्हणून टाक माय." ती म्हणाली, "तुझ्या बापाने चपला काढून तुला तिथे घातली. मी कशी हो म्हणू?" हो म्हटलं तर माझं कॉलेज जात होतं, नाही म्हटलं तर आबा उपाशी राहत होते. दोन्हीकडून आबाच हरत होते.

दुसऱ्या दिवशी पेपर सुटल्यावर मी निंबाखालच्या बाकावर बसले होते. सगळ्या मुली आखाजीला गावी निघाल्या होत्या, कारण मध्ये दोन दिवसांची सुटी होती. फादर सर फेरी मारत आले आणि विचारलं, "आखाजी शे. घर नही जात?"

मी मान हलवली आणि रडायला लागले. मग अडखळत सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाले, पाटावर बसणाऱ्याला करावं काय लागतं? मंत्र म्हणायचे असतात का?

मी म्हटलं, "नाही. फक्त जेवायचं असतं."

"फक्त जेवायचं?" त्यांना हसू आलं. "मग ते मला येतं."

मी घाबरले. तुम्ही कसं येणार, असं काहीतरी बोलले. ते म्हणाले, मला चालेल की नाही, ते माझं मी बघतो. तुझ्या आईला चालेल का, तेवढं तू विचार. आणि खरं काय ते सांगून विचार, मी कोण आहे ते सांगून.

मायला विचारलं. पाद्री आहेत हे सांगून विचारलं. ती म्हणाली, "तुन्हा आबासंगे बोलेल माणूस ना तो? येऊ दे."

आखाजीच्या सकाळी ते एसटीने आले. एरंडोलपर्यंत उभ्याने आले होते. अंगात साधा चौकड्यांचा शर्ट, खांद्यावर पंचा, हात मोकळे. मी आदल्या संध्याकाळीच गावी आले होते, थांब्यावर उभी होते. ते म्हणाले, "काही आणलं नाही बरं. मरेल माणूस काय आणी?" मेलेला माणूस काय आणणार, हे ऐकून इतक्या दिवसांनी मी पहिल्यांदा हसले आणि लगेच मला लाज वाटली.

दारात मी त्यांचे पाय धुतले. टाचांना जुन्या खोल भेगा होत्या, आबांच्या होत्या तशा. माय आतून बघत होती. घागर मांडलेली होती. खरबुजाचा वास, ओल्या मातीचा वास आणि खापरावरच्या पुरणपोळीचा भाजका वास, सगळं त्या एका खोलीत कोंडलं होतं. बाहेर कोणाच्या तरी झोक्याचा दोर करकरत होता. शेजारच्या दोन-तीन बाया दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. ओसरीत कोणीतरी मोबाइल उंच धरलेला मी पाहिला, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

फादर सर पाटावर बसले. मायने ताट वाढलं. पोळी, आंबरस, कुरडई, कटाची आमटी, वर तुपाची धार. त्यांनी डोळे मिटले, मान खाली घातली. मायला वाटलं आबांची आठवण काढताहेत. कदाचित तेच असेल. मग त्यांनी डोळे उघडले, ताटाकडे पाहिलं, आणि ताट हाताने थोडं पुढे सरकवलं.

"पहिले तुम्ही जेवा," ते मायला म्हणाले.

माय म्हणाली, तसं नसतं. ते म्हणाले, माझा नेम आहे, घरातलं माणूस जेवल्याशिवाय मी जेवत नाही. दाराशी बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. पित्तराने ताट सरकवलं होतं. याहून वाईट आमच्याकडे काही नसतं. त्यांना ते सांगायला हवं होतं आणि मी सांगितलं नव्हतं. ते आयुष्यभर ज्या चांगुलपणाने वागले होते, त्याच चांगुलपणाने आबांचं ताट आता परत जाणार होतं.

माय पुढे आली. आबा गेल्यापासून ती परक्या माणसासमोर तोंड वर करून बोलली नव्हती. तिने ताट पुन्हा त्यांच्यासमोर ओढलं आणि म्हणाली, "मरेल माणूस पहिले जेवस, भाऊ. मंग जित्ता."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. हात ताटाशी नेला, थांबवला. इतक्या वर्षांचा नेम असा एका वाक्यात मोडायचा, त्यांना ते किती जड गेलं असेल, हे मला आता थोडं थोडं समजतं. तेव्हा मी फक्त बोटांकडे बघत होते. ती बोटं पोळीवर उतरली. त्यांनी घास मोडला, रसात बुडवला आणि खाल्ला. सगळं घर उपाशी असताना.

तेवढ्यात नाना आले. कोणीतरी जाऊन सांगितलं असणार. ते उंबऱ्यातच उभे राहिले.

"वहिनी," ते म्हणाले, "मन्हा भाऊना पाटवर पाद्री बसाडा का?"

फादर सरांनी घास गिळला. त्यांचा आवाज अजिबात चढला नाही.

"जागा तुन्ही शे भाऊ. तू बसस ते मी उठस."

आणि ते खरंच हात टेकून उठायला लागले. गुडघे दुखत होते, त्यामुळे हळूहळू. नाना माझ्याकडे बघत होते. त्यांनी विचारलं, पोरीचं काय? फादर सर अर्धवट उठलेल्या अवस्थेत म्हणाले, पोरीचं तिच्या आईला विचार, केव्हाही विचार. पण भावाच्या ताटाला अट घालू नको. नुसता बस, नुसता जेव.

मला वाटलं, नाना बसतील. त्यांचा एक पाय उंबऱ्याच्या आत आलाही होता. दाराशी एवढ्या बाया नसत्या तर कदाचित बसले असते. त्यांनी घागरीकडे पाहिलं, पाय मागे घेतला आणि निघून गेले.

फादर सर परत पाटावर टेकले. सगळं ताट संपवलं. मायने दुसऱ्यांदा वाढलं ते संपवलं. मग मायने विचारलं, "पोट भरनं का?"

ते ताटातल्या रसाच्या पिवळ्या रेघांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "भरनं, माय. बठ्ठं भरनं."

सगळं भरलं, असं ते म्हणाले तेव्हा आम्ही दोघी जेवायला बसलो. माय आबा गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवली.

थांब्यावर एसटीची वाट बघताना ते मला म्हणाले, की प्राचार्य झाल्यापासून त्यांना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. सर सही कधी होईल, सर मीटिंग कधी आहे, हे सगळे विचारतात. डोंगरात लहान पोरंसुद्धा विचारायची, जेवला का, पोट भरलं का. एवढं बोलून ते रस्त्याकडे बघत राहिले. वाऱ्याच्या झळा येत होत्या.

तो फोटो दोन दिवसांत दोन्हीकडे फिरला. गावातले लोक म्हणाले, पाद्री बाटवायला आला होता. जळगावात त्यांच्या चर्चमधले काही लोक म्हणाले, फादर घागरीपुढे बसून पूजा करून आले. एकाच फोटोवरून दोन्ही बाजू चिडल्या. मार्थाबाईंनी सांगितलं, की वरून माणसं येऊन विचारून गेली. फादर सरांनी त्यांना काय सांगितलं, हे मार्थाबाईंनी दाराआडून ऐकलं होतं. ते म्हणाले होते, जेवायला बोलावलं होतं, जेवून आलो.

मला ते त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. नंतरचं वर्षभर आवारात दिसले की दुरूनच हात वर करून विचारायचे, "माय जेवनी का?" मी हो म्हणायचे. त्यांना उलट विचारावं, असं रोज मनात यायचं. प्राचार्यांना असं कसं विचारायचं, म्हणून रोज राहून जायचं. संध्याकाळी त्या खिडकीत दिवा लागायचा आणि मी परत पुस्तकात डोकं घालायचे.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी त्यांनी खुर्ची सोडली. लोक म्हणाले, फोटोमुळे. ते म्हणाले, खुर्चीत बसून गुडघे धरले, आता डोंगर चढले की सुटतील. निरोपाच्या कार्यक्रमात भाषणं झाली, शाल झाली. दुसऱ्या दिवशी एक पत्र्याची पेटी आणि पिशवी घेऊन ते धुळ्याच्या गाडीत बसले. प्राचार्यांच्या दाराखालची वीट काही दिवस तशीच होती. मग दार आपोआप मिटवणारी नवी स्प्रिंग बसवली आणि वीट बागेत गेली. ती गुलाबाच्या आळ्याला लावली आहे. मी ओळखते.

यंदा दिवाळीनंतर कॉलेजच्या ग्रुपवर त्यांचा हार घातलेला फोटो आला. खाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. मी हॉस्टेलच्या जिन्यात बसून ती रांग लांब होताना बघत राहिले. त्यांना डोंगरातच, त्यांच्या शाळेच्या मागे पुरलं. मी तो पाडा पाहिलेला नाही. त्यांच्या मागे नातं सांगणारं कोणी नाही, आणि त्यांच्यात घागर भरायची रीतही नाही.

परवा पेपर झाला आणि मी आखाजीला गावी गेले. आबांच्या पाटावर आता नाना बसतात. पाद्री येऊन गेल्यानंतर वर्षभर लोकांनी त्यांना पारावर छळलं होतं, भाऊ असताना भावाचा पाट पाद्रीने राखला म्हणून. गेल्या वर्षी ते न बोलावता आले, न बोलता जेवले. माझ्या लग्नाचा विषय निघाला नाही. यंदाही आले. पण घागरी दोन मांडलेल्या पाहून थांबले.

दुसरी कोणाची, हे त्यांनी विचारलं नाही. जेवून हात धुतल्यावर पंच्याला पुसत एवढंच म्हणाले, "त्यासना पाटवर माले बसता येवाव नही, वहिनी." आवाजात राग नव्हता. ते गेल्यावर घरात आम्ही दोघी उरलो. दुसरं ताट वाढून तयार होतं. गावात कोणाला विचारायची सोय नव्हती. बाहेर झोक्यावर मुली गात होत्या.

माय म्हणाली, "तू बस."

बाया पित्तराच्या पाटावर बसत नाहीत, असं मी म्हटलं. ती म्हणाली, पाद्रीही बसत नाहीत.

तिने माझे पाय धुतले. मला ते सहन होत नव्हतं, मी पाय मागे घेत होते, तिने घोटा धरून ठेवला. मी पाटावर बसले. समोर पोळी, रस, कुरडई, तूप. मायने सकाळपासून पाणीसुद्धा घेतलेलं नव्हतं, तिचे ओठ सुकले होते. माझा हात ताटापर्यंत गेला आणि मला जमेना. हात आपोआपच ताटाच्या काठाला लागला आणि ताट पुढे सरकायला लागलं. त्यांना काय झालं असेल, ते मला त्या क्षणी हातात कळलं.

मायने फक्त ताट धरलं, परत माझ्याकडे ओढलं आणि वाट बघत बसली.

मी घास घेतला. मग दुसरा. बंगल्यातला तो दिवा आठवत होता, झाकून ठेवलेला डबा आठवत होता. सगळं ताट संपवायला फार वेळ लागला. मायने पदराने वारा घालत विचारलं, "पोट भरनं का?"

ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या जरा वरती, उंच माणसाचा चेहरा असतो तिथे बघत होती.

"भरनं, माय," मी म्हटलं. "आते तू जेव."